स्थापत्य पदवीचा अभ्यासक्रम : आकडेमोड पक्की, अंदाज कच्चा

स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीबद्दल बोलताना लोक बहुधा संस्थेबद्दल बोलतात. प्रवेश किती अवघड आहे, शिक्षक कोण आहेत, पुढे नोकरी लागते की नाही, एवढीच चौकशी होते. विद्यार्थ्याच्या हाती प्रत्यक्षात जे पडते, म्हणजे गृहपाठाची उदाहरणे, प्रयोगवह्या, ड्रॉइंगचे ताव, सर्वेक्षणाची फील्डबुके आणि शेवटच्या वर्षीचा प्रकल्प, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. हे परीक्षण त्या कामाचे आहे. हे काम मी स्वतः केले आहे आणि पुढे ते करून आलेल्या नव्या पदवीधरांबरोबर नोकरीही केली आहे. पदवी कुठे तीन वर्षांची असते, कुठे चार-पाच वर्षांची, आणि बांधकामाचे कोड देशागणिक बदलतात. तरीही विषयांची यादी जगभर बरीच सारखी आहे. वेगवेगळ्या देशांतील मान्यता देणाऱ्या संस्थांनी एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्या तुल्य मानाव्यात यासाठी १९८९ मध्ये वॉशिंग्टन करार झाला, त्याचाही या सारखेपणाला हातभार लागला असावा. म्हणून या अभ्यासक्रमाकडे एकच सेवा म्हणून पाहता येते.

परीक्षणासाठी मी एकच कसोटी लावली आहे : उदाहरणातला आकडा कोण ठरवतो? नमुन्यादाखल दुसऱ्या वर्षाचे अगदी साधे उदाहरण घेऊ. दोन टोकांवर टेकवलेली ६ मीटर लांबीची तुळई आहे आणि तिच्यावर दर मीटरला २० किलोन्यूटन भार आहे, तर मध्यावरचा बेंडिंग मोमेंट, म्हणजे तुळईला वाकवू पाहणारा परिणाम, किती? भाराला लांबीच्या वर्गाने गुणून आठाने भागले की ९० किलोन्यूटन-मीटर हे उत्तर येते आणि पूर्ण गुण मिळतात. नोकरीत मात्र हा २० चा आकडा कोणी हातात देत नाही. स्लॅबची जाडी किती धरायची, वरची भिंत विटांची आहे की हलक्या ठोकळ्यांची, उद्या तिथे कपाटे येतील की पाण्याची टाकी, यांची उत्तरे मिळवून तो आकडा आपणच तयार करावा लागतो. टोके नुसती टेकवलेली आहेत की पक्की जखडलेली, हेही प्रश्नपत्रिकेतली आकृती सांगते, बांधकाम सांगत नाही. जखडलेली धरली तर मध्यावरचा मोमेंट ९० वरून ३० वर येतो आणि आधाराजवळ उलट बाजूचा ६० उभा राहतो. खरा सांधा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. कुठे, हे ठरवण्याचा सराव अभ्यासक्रमात किती मिळतो, यावर मी प्रत्येक विषयाला बरे-वाईट म्हटले आहे.

पहिल्या वर्षावर फार लिहिण्यासारखे नाही. गणित, भौतिकशास्त्र, थोडे प्रोग्रॅमिंग आणि अभियांत्रिकी ड्रॉइंग हे सगळ्या शाखांना समान असते. त्यातून एक गोष्ट मात्र आयुष्यभर पुरते, ती म्हणजे फ्री बॉडी डायग्राम. एखादा भाग भोवतालापासून सुटा करून त्यावरची सगळी बले काढण्याची सवय ज्याला लागली, त्याचे पुढचे निम्मे काम सोपे होते. ज्याला लागली नाही, तो चौथ्या वर्षीही सूत्र शोधत बसतो. हाताने काढायचे ड्रॉइंग अनेक ठिकाणी काढून टाकले आहे किंवा दोन-चार तावांवर आणले आहे, हे मला पटलेले नाही. संगणकावर रेषा सुबक येते, पण प्लॅन आणि सेक्शन मनात एकमेकांशी जुळवण्याचे काम पेन्सिलने अधिक लवकर शिकता येते.

सर्वेक्षण हा विषय वर्गात रटाळ आणि मैदानावर उत्तम आहे. संपूर्ण पदवीतले हे एकच काम असे आहे की ज्यात विद्यार्थी आकडा स्वतः निर्माण करतो आणि त्या आकड्यातली चूक त्याच दिवशी त्याच्यासमोर येऊन उभी राहते. ज्ञात पातळीच्या बेंचमार्कपासून निघायचे, ठिकठिकाणी स्टाफ, म्हणजे आकड्यांची उभी पट्टी, धरून लेव्हल या दुर्बिणीच्या उपकरणातून वाचने घ्यायची आणि फिरून त्याच बेंचमार्कवर परतायचे. निघतानाची आणि परततानाची पातळी जुळायला हवी, पण ती तंतोतंत कधीच जुळत नाही. मग फरक किती चालेल, हा प्रश्न येतो. चालणारा फरक अंतराच्या प्रमाणात न वाढता अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, कारण आकस्मिक चुका काही अंशी एकमेकींना खोडतात. संख्याशास्त्राच्या तासाला जे डोक्यावरून जाते, ते इथे चिखलात उभे राहून कळते.

याच विषयात रट्टा मारण्याची सवयही फोफावते. पृथ्वीच्या वक्रतेमुळे एका किलोमीटरवर वाचनात सुमारे ७.८ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि प्रकाश वाकल्यामुळे त्यातला साधारण सातवा हिस्सा परत मिळतो, हे सगळ्यांना पाठ असते. पण लेव्हल दोन्ही स्टाफच्या बरोबर मध्यावर लावली तर ही दुरुस्ती करावीच लागत नाही, कारण दोन्ही बाजूंची चूक सारखी होऊन वजाबाकीत निघून जाते, हे विचारले तर निम्मा वर्ग गप्प बसतो. उपकरणाची दृष्टिरेषा थोडी तिरपी असली तरी तीही चूक याच युक्तीने जाते. आता टोटल स्टेशन (कोन आणि अंतर एकत्र मोजणारे उपकरण) आणि उपग्रहावर चालणारी उपकरणे आल्यामुळे काही ठिकाणी लेव्हलिंगचे तास कमी झाले आहेत. उपग्रहांच्या मदतीने मिळणारी जागेची मूळ उंची एका गणिती दीर्घगोलापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे, आणि पृथ्वीवर काही ठिकाणी या दोन उंचींत शंभर मीटरपर्यंत तफावत पडते. पाणी कोणत्या उंचीप्रमाणे वाहणार, हे न कळता गटाराचा उतार ठरवणारा पदवीधर धोकादायकच म्हणावा लागेल. सर्वेक्षण शिबिराचे दिवस कमी करणाऱ्या कोणत्याही अभ्यासक्रमाला माझ्याकडून कमी गुण आहेत.

पदार्थबल आणि संरचनांचे विश्लेषण या दोन विषयांवर पदवीचा मोठा डोलारा उभा असतो आणि त्यांचा गृहपाठ सगळ्यांत जास्त असतो. शिअर फोर्स (कापू पाहणारे बल) आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या शेकड्याने काढाव्या लागतात. त्याला पर्याय नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. सराव झाल्यावर गाळा दुप्पट केला की मोमेंट चौपट होतो आणि वाक सोळापट होतो, किंवा खांबाची लांबी दुप्पट झाली की तो बाहेर फुगून निकामी होण्याचा भार चौथाईवर येतो, हे अंगात मुरते. मग कोणी गाळा 'जरासा' वाढवायला सांगितले की कान टवकारतात.

हार्डी क्रॉस यांनी १९३० मध्ये मांडलेली मोमेंट वाटपाची पद्धत संगणकाच्या काळात कालबाह्य झाली म्हणून काही ठिकाणी वगळली जाते. मला ती चूक वाटते. सांध्यावरचा असमतोल प्रत्येक सभासदाच्या ताठपणाप्रमाणे वाटायचा, त्याचा अर्धा हिस्सा पलीकडच्या टोकाला न्यायचा, आणि उरलेला असमतोल नगण्य होईपर्यंत हे चालू ठेवायचे, असे ते काम आहे. उत्तर संगणक अधिक लवकर देतो हे खरेच. पण ताठ सभासद भार स्वतःकडे ओढून घेतो, ही गोष्ट ज्या स्पष्टपणे या कोष्टकात दिसते, तशी ती पडद्यावरच्या रंगीत आकृतीत दिसत नाही.

या विषयांची उणीव दुसरीकडे आहे. भार आयता दिलेला असतो आणि सांधा म्हणजे कागदावरचा एक ठिपका असतो. कॅनडातील क्वेबेकचा पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि ७५ माणसे मेली. मधला गाळा १,६०० फुटांवरून १,८०० फुटांवर नेला गेला होता, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा धरलेला अंदाज त्याप्रमाणे वेळेवर सुधारला गेला नाही. गणित करणारी माणसे कच्ची नव्हती, गणितात घातलेले वजनच कमी होते. ठिपक्याचे उदाहरण अमेरिकेतील कॅन्सस सिटीचे आहे. १७ जुलै १९८१ रोजी तिथल्या हायट रीजन्सी हॉटेलमधले टांगलेले पादचारी मार्ग कोसळून ११४ जण गेले. मूळ आराखड्यात वरखाली असलेल्या दोन मार्गांना एकच सलग लोखंडी दांडा धरून ठेवणार होता. काम सोपे व्हावे म्हणून त्याचे दोन तुकडे करण्यात आले, वरचा मार्ग छताला आणि खालचा मार्ग वरच्या मार्गाला टांगला गेला, आणि वरच्या मार्गाच्या तुळईखालच्या नटवर दुप्पट भार आला. दोन फ्री बॉडी डायग्राम काढले की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ही दुप्पट दहा मिनिटांत सापडते. इतके सोपे आणि इतके मोलाचे उदाहरण असताना अपघातांचा अभ्यास बहुतेक ठिकाणी एखाद्या पाहुण्या व्याख्यानात उरकला जातो. अमेरिकेतील टाकोमा नॅरोजचा, १९४० मध्ये वाऱ्याने हेलकावून कोसळलेला पूल तेवढा सगळीकडे दाखवतात, कारण त्याची फिल्म आहे. पहिल्या पदवीच्या विद्यार्थ्याला त्या पुलाचे गणित झेपत नाही, हॉटेलच्या नटचे झेपते.

काँक्रीटची प्रयोगशाळा मला आवडते, तिच्या प्रयोगवह्या आवडत नाहीत. ३०० मिलिमीटर उंचीच्या स्लम्प कोनमध्ये काँक्रीट भरून साचा उचलणे, १५० मिलिमीटरचे घन भरणे, २८ दिवस पाण्यात ठेवून दाबयंत्रात फोडणे, हे सगळे हाताने करण्यासारखे आहे. कोन उचलल्यावर काँक्रीट कसे बसते ते पाहून त्यातल्या पाण्याचा अंदाज बांधणे वाचून येत नाही. पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तराला काँक्रीटची ताकद किती बांधलेली आहे, हे डफ एब्रम्स यांनी १९१८ मध्ये दाखवले आणि तो नियम प्रत्येकाला पाठ असतो. प्रयोगशाळेतली वाळू मात्र कोरडी असते. साइटवर एक घनमीटर काँक्रीटमध्ये ३५० किलो सिमेंट आणि १७५ लिटर पाणी ठरले आहे, आणि ७०० किलो वाळूच्या अंगावर पाच टक्के मोकळे पाणी आहे असे धरा. ३५ लिटर पाणी कोणाला न विचारता आत गेले आणि गुणोत्तर ०.५ चे ०.६ झाले. हा हिशेब तिसरीतल्या मुलालाही येईल. पण प्रयोगाच्या सूचनापत्रात ओली वाळूच नसल्यामुळे तो कधी करावाच लागत नाही. त्यातून मागच्या तुकडीच्या वह्या उपलब्ध असतात, 'अपेक्षित' उत्तर माहीत असते, आणि एखादा घन फारच कमी भाराला फुटला तर त्याचे कारण शोधण्याऐवजी तो निमूटपणे बाजूला ठेवला जातो. तो फुटलेला घनच खरा धडा होता. तो नीट ठोकून भरला नसेल, यंत्रात तिरका बसला असेल, किंवा मिश्रणच वाईट असेल, आणि या तिन्हींतला फरक फुटीच्या आकारावरून बराचसा ओळखता येतो.

आर.सी.सी. डिझाइनच्या गृहपाठातही असाच एक अर्धवटपणा आहे. विद्यार्थी लागणाऱ्या पोलादाचे क्षेत्रफळ काढतो, समजा १,२४० चौरस मिलिमीटर, आणि २० मिलिमीटरच्या चार सळया देऊन मोकळा होतो. २५० मिलिमीटर रुंदीच्या तुळईत दोन्ही बाजूंचे २५ मिलिमीटरचे कव्हर, म्हणजे पोलादाबाहेरचा काँक्रीटचा थर, आणि ८ मिलिमीटरच्या रिंगा वजा केल्या तर १८४ मिलिमीटर उरतात. चार सळयांमध्ये साधारण ३४ मिलिमीटरची फट राहते, म्हणजे खडी खाली उतरते. पण जिथे सळया जोडण्यासाठी लॅप दिला आहे, म्हणजे दोन सळया शेजारीशेजारी ठेवल्या आहेत, तिथे चारच्या आठ होतात आणि जोड्यांमधली फट ८ मिलिमीटरवर येते. २० मिलिमीटरची खडी त्यातून जाणार नाही, तुळईच्या पोटात पोकळी राहील, आणि क्षेत्रफळाचे गणित अचूक असूनही तुळई वाईट होईल. सळयांचे तपशीलवार ड्रॉइंग काढायला लावणारा शिक्षक लाभला तर हे कळते. न लाभला तर पहिल्याच साइटवरचा फिटर शिकवतो, आणि त्याची शिकवण्याची भाषा वेगळी असते.

मृदायांत्रिकी हा माझ्या मते या पदवीतला सर्वांत खोल विषय आहे, आणि तो सर्वांत कोरडा शिकवला जातो. कार्ल टेर्झागी यांनी १९२५ च्या सुमारास मांडलेली परिणामी ताणाची कल्पना एका वाक्यात सांगता येते. जमिनीवर येणारा एकूण ताण कणांमधले पाणी आणि कणांचा सांगाडा यांच्यात वाटला जातो, आणि जमिनीची ताकद फक्त सांगाड्याच्या वाट्यावर अवलंबून असते. जमीन खचणे, उतार घसरणे, भूकंपात वाळूचा चिखल होऊन इमारती कलणे, या सगळ्यांच्या मुळाशी तेच एक वाक्य आहे. १९६४ च्या भूकंपात जपानमधील निगाता येथे अपार्टमेंटच्या इमारती न मोडता आख्ख्याच्या आख्ख्या कलल्या, कारण खालच्या वाळूतल्या पाण्याने ताण स्वतःकडे घेतला आणि सांगाड्याकडे काही उरले नाही. हे चित्र पहिल्या तासाला दाखवून मग सूत्रांकडे वळायला हवे. बहुतेक ठिकाणी सुरुवात चाळण्यांच्या आकारांपासून आणि वर्गीकरणाच्या तक्त्यांपासून होते, आणि परिणामी ताणापर्यंत पोचेतो विद्यार्थ्याचा उत्साह संपलेला असतो.

चिकणमाती दाबली जाऊन बसण्याचा प्रयोग घ्या. त्यात लागणारा वेळ पाण्याला बाहेर पडायला चालावे लागणाऱ्या अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. प्रयोगशाळेतला नमुना २० मिलिमीटर जाड असतो आणि पाणी दोन्ही बाजूंनी निघते, म्हणून अंतर १० मिलिमीटर. जमिनीतला थर ४ मीटर जाड असेल आणि तोही दोन्ही बाजूंनी निचरा होणारा असेल तर अंतर २ मीटर, म्हणजे दोनशेपट, आणि वेळ चाळीस हजारपट. प्रयोगात जे एका तासात झाले त्याला जमिनीत साडेचार वर्षांहून अधिक काळ लागेल. पिसाचा मनोरा उभा राहू शकला तो याच संथपणाच्या कृपेने. ११७३ मध्ये सुरू झालेले त्याचे बांधकाम मध्ये दीर्घकाळ थांबले, तेवढ्या अवधीत खालच्या मातीतले पाणी निघून ती थोडी बळकट झाली, आणि सलग बांधला असता तर तो तेव्हाच पडला असता असे मानले जाते. पुढे १९९० ते २००१ या काळात उत्तरेकडची, म्हणजे कललेल्या बाजूच्या विरुद्ध बाजूची, माती हळूहळू काढून त्याचा कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी करण्यात आला. या एका मनोऱ्यावर अख्ख्या सत्राचा गृहपाठ बेतता येईल. प्रत्यक्षात दाबाचा प्रत्येक टप्पा चोवीस तास ठेवायचा हा प्रयोग दोन तासांच्या वेळापत्रकात कोंबला जातो, पहिली काही वाचने घेतली जातात आणि उरलेली फळ्यावरून उतरवली जातात.

लेखी उदाहरणांत तर अंतर्गत घर्षणाचा कोन नेहमी ३० अंश दिलेला असतो आणि पायाची भारवहनक्षमता दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत मागितलेली असते. खऱ्या जागेवर शेजारशेजारच्या दोन बोअरहोलचे (माती तपासण्यासाठी पाडलेल्या छिद्रांचे) अहवाल एकमेकांशी जुळत नाहीत, जमिनीत नळी ठोकायला लागणाऱ्या हातोड्याच्या ठोक्यांची संख्या एका ठिकाणी ८ आणि दहा मीटरवर २२ असू शकते, आणि तरीही संध्याकाळपर्यंत पायाची खोली सांगायची असते. असे न जुळणारे अहवाल देऊन निर्णय आणि त्याची कारणे लिहायला लावणारे एकच उदाहरण पन्नास सरळ उदाहरणांपेक्षा जास्त उपयोगाचे आहे. ते तपासायला शिक्षकाला जास्त वेळ लागतो, अडचण तेवढीच.

द्रवयांत्रिकी आणि जलविज्ञान यांची स्थिती मध्यम आहे. प्रयोग चांगले असतात, कारण पाणी डोळ्यांसमोर वाहते. उघड्या नाल्यातील प्रवाहासाठी १८८९ मध्ये मांडलेले मॅनिंगचे सूत्र सगळ्यांना वापरता येते, पण त्यातला खडबडीतपणाचा अंक पुन्हा आयता दिलेला असतो. गुळगुळीत काँक्रीटसाठी ०.०१३ धरतात आणि गवत माजलेल्या मातीच्या नाल्यासाठी ०.०३५ किंवा त्याहून अधिक. आकार आणि उतार तोच असला तरी दुसऱ्या नाल्यातून पहिल्याच्या एक तृतीयांशाहून थोडेच अधिक पाणी जाईल. नाला कोण साफ करणार आहे, हा प्रश्न म्हणजे याच सूत्राचा भाग आहे, पण तो कधी विचारला जात नाही. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची कल्पना मात्र सध्या बऱ्या रीतीने शिकवली जाते असे नव्या पदवीधरांशी बोलताना जाणवते. असा पूर तीस वर्षांच्या अवधीत एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के आणि शंभर वर्षांत सुमारे ६३ टक्के असते, हे त्यांना सांगता येते. आधीच्या पिढीतल्या अनेकांना ते येत नव्हते.

वाहतूक आणि पर्यावरण या विषयांबद्दल थोडक्यात. रस्त्यांच्या विषयात १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून आलेला चौथ्या घाताचा ढोबळ नियम, म्हणजे आसावरचे वजन दुप्पट झाले की रस्त्याची झीज सुमारे सोळापट, एवढा एक जरी नीट पचला तरी विषय सार्थकी लागला. पर्यावरणाच्या प्रयोगांत वीस अंश सेल्सिअसला पाच दिवस ठेवायची बीओडी चाचणी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीची मोजणी) असते आणि ती बहुतेक ठिकाणी मनापासून केली जाते, कारण बाटल्यांचा निकाल आधी सांगता येत नाही. बांधकाम व्यवस्थापनात क्रिटिकल पाथचे, म्हणजे ज्यांना उशीर झाला तर सगळे काम लांबते अशा कामांच्या साखळीचे, जाळे काढायला शिकवतात. प्रत्येक कामाचा कालावधी प्रश्नातच दिलेला असतो, तेव्हा त्यावर अधिक काय बोलावे?

सॉफ्टवेअरचा वाटा दरवर्षी वाढतो आहे आणि ते योग्यच आहे. प्रश्न आहे तो उत्तर तपासण्याचा. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये स्लाइपनर-ए या तेलमंचाचा काँक्रीटचा प्रचंड पाया चाचणीच्या वेळी बुडाला. संगणकीय विश्लेषणासाठी रचनेचे जे छोटे तुकडे पाडतात, त्यांची जाळी काही भागांत इतकी ढोबळ होती की तिथला शिअर ताण ४७ टक्क्यांनी कमी आला होता, आणि त्यानुसार भिंती व सळया अपुऱ्या पडल्या. संगणकाच्या प्रत्येक असाइनमेंटबरोबर हाताने केलेला एक पानाचा ढोबळ हिशेब सक्तीचा असावा, आणि दोन उत्तरांतल्या तफावतीचे कारण लिहिल्याशिवाय गुण देऊ नयेत. हे करणारे अभ्यासक्रम मी पाहिले आहेत आणि त्यांतून आलेली मुले लगेच ओळखू येतात. पडद्यावर आकडा आला की ती आधी त्याचे एकक पाहतात.

जे अभ्यासक्रमात जवळजवळ नाहीच, त्याबद्दलही लिहायला हवे. चारही वर्षे विद्यार्थी मोकळ्या जमिनीवर नवे काहीतरी बांधत असतो. आधीच उभे असलेले बांधकाम वाचायला त्याला कोणी शिकवत नाही. भेग पाया खचल्याची आहे की काँक्रीट आकसल्याची, आतली सळई किती गंजली आहे, मूळ नकाशे हरवले असतील तर ताकदीचा अंदाज कसा करायचा, हे सगळे ऐच्छिक विषयांत किंवा पुढच्या पदवीत ढकलले आहे. इटलीतील जेनोआचा १९६७ मध्ये खुला झालेला मोरांडी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळला आणि ४३ जणांचा जीव गेला, तेव्हा चर्चा झाली ती काँक्रीटमध्ये बंद असलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या, पूल तोलून धरणाऱ्या पोलादी तारांच्या गंजण्याची. येत्या काळात या पेशातले बरेचसे काम जुन्या बांधकामांचेच असणार, आणि गृहपाठाला त्याची खबर नाही. सिमेंटच्या निर्मितीतून जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनाचा सुमारे आठ टक्के वाटा येतो, याचीही तीच गत आहे. पर्यावरणाच्या पेपरात त्यावर टीप लिहायची आणि डिझाइनच्या पेपरात स्लॅब हवा तेवढा जाड करायचा, अशी सोयीस्कर वाटणी झाली आहे.

शेवटच्या वर्षीच्या प्रकल्पात या सगळ्याची भरपाई होऊ शकते. गटाला एक जागा, एक गरज आणि अपुरी माहिती द्यावी, मधेच मालकाने मागणी बदलावी, आणि शेवटी प्रत्येक गृहीतकाचा जाब विचारावा. असे प्रकल्प होतात तिथे विद्यार्थ्यांचा एका वर्षात कायापालट होतो. अनेक ठिकाणी मात्र सिमेंटऐवजी घालायच्या राखेचे प्रमाण बदलून काँक्रीटचे घन फोडण्याचा, वर्षानुवर्षे चालत आलेला प्रकल्पच नवीन मुखपृष्ठ लावून सादर होतो. जाड अहवाल, आकर्षक आलेख, आणि निष्कर्ष असा की ठरावीक प्रमाणापर्यंत ताकद वाढते व नंतर कमी होते.

एकंदरीत, ही सेवा घ्यावी का? विश्लेषणाचा पाया पक्का करण्यात ती उत्तम आहे आणि तेवढ्यासाठी तिला तोड नाही. व्याख्याने आता विनामूल्य मिळतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपले अभ्याससाहित्य खुले करण्याची घोषणा २००१ मध्येच केली होती, आणि तेव्हापासून चांगल्या शिकवण्याचा तुटवडा राहिलेला नाही. त्यामुळे संस्थेकडून विकत घ्यायच्या गोष्टी तीनच उरतात. पहिली उपकरणे, दुसरी मैदान, आणि तिसरी आपल्या वहीत लाल पेनाने 'हा भार कुठून आणलास?' असे लिहिणारा माणूस. ज्याला केवळ सूत्रे आवडतात त्याने गणिताकडे जावे, तिथे ती अधिक शुद्ध मिळतात. ज्याला अपुऱ्या माहितीवर सही करण्याची भीती वाटते पण ओढही वाटते, त्याच्यासाठी ही पदवी आहे. संस्था निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवावे आणि तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याची तपासलेली वही पाहायला मागावी, त्यात शेरे आहेत की नुसत्या बरोबरच्या खुणा, ते पाहावे. मग काँक्रीटच्या प्रयोगशाळेत जाऊन दाबयंत्राचे कॅलिब्रेशन शेवटचे कधी झाले ते विचारावे. दाखला भिंतीवर लावलेला असेल तर तारीख स्वतः वाचावी.